पस्तीस बीएमआयची अट आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा आहार : विम्यासाठी नेमके कोणते वजन धरतात?

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीच्या बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याच्या) शस्त्रक्रियेच्या विम्यासंबंधी मार्गदर्शन हवे आहे. विषय वैद्यकीय असला तरी आमची अडचण मुख्यतः विम्याच्या अटींची आहे.

बहिणीचे वय ४६ आहे आणि उंची १५८ सेंटिमीटर. तिला अनेक वर्षांपासून टाइप-२ मधुमेह असून तीन प्रकारच्या गोळ्या आणि रात्रीचे इन्सुलिन घेऊनही तिचे एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९.१ च्या खाली आलेले नाही. याशिवाय रक्तदाब आहे, दोन्ही गुडघे दुखतात आणि झोपेत ती मोठ्याने घोरते. जानेवारीत आहारतज्ज्ञांकडे नाव नोंदवले तेव्हा तिचे वजन ९१.५ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) सुमारे ३६.७ होता. तिने अतिशय मन लावून पथ्य पाळले आणि आज वजन ८८.४ किलो आहे, म्हणजे बीएमआय ३५.४. साखर मात्र आटोक्यात आलेली नाही, त्यामुळे शल्यचिकित्सकांनी जठराची बायपास शस्त्रक्रिया सुचवली आहे. खर्चाचा अंदाज साडेचार लाखांचा सांगितला असून तो स्वतःच्या खिशातून करणे आम्हाला शक्य नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे तिला अत्यंत कमी उष्मांकांचा, बहुतांशी द्रव आहार घ्यायचा आहे. त्या काळात आणखी दोन-तीन किलो वजन उतरेल असे आहारतज्ज्ञ म्हणतात. तसे झाले तर रुग्णालयात दाखल होण्याच्या दिवशी तिचा बीएमआय ३५ च्या खाली जाईल, आणि पॉलिसीत तर ‘बीएमआय ३५ किंवा त्याहून अधिक’ असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, वजन कमी करण्याचे सौम्य उपाय आधी करून ते अपयशी ठरलेले असले पाहिजेत. प्रामाणिकपणे उपाय केला की वजन थोडे तरी उतरणारच, आणि उतरले की पात्रता जाते. यातून मार्ग कसा काढायचा ते आम्हाला कळेनासे झाले आहे.

घरातील काही ज्येष्ठ मंडळी तिला सांगत आहेत की, आता पथ्य सोड, दाखल होईपर्यंत व्यवस्थित खा आणि शस्त्रक्रियेनंतर काय ते बघू. तिची त्याला तयारी नाही आणि मलाही ते पटत नाही, परंतु दावा नाकारला गेला तर काय, या भीतीने आम्ही दोघेही अडून बसलो आहोत. विमा कंपनी कोणत्या दिवसाचे वजन ग्राह्य धरते? दाखल होतानाचे वजन कमी भरले तर मिळालेली मंजुरी रद्द होऊ शकते का? रक्तदाब आणि गुडघेदुखी या बाबी सहव्याधी म्हणून मोजल्या जातात का? पॉलिसी कौटुंबिक स्वरूपाची, दहा लाखांची असून तिचे पाचवे वर्ष चालू आहे.

---

कागदपत्र (पुणे)

नमस्कार. मी एका रुग्णालयाच्या विमा कक्षात काम करतो आणि बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियांचे पूर्वमंजुरीचे अर्ज नियमितपणे पाठवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण ज्या कलमाचा उल्लेख केला आहे, ते आपल्या कंपनीने स्वतः रचलेले नाही. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील सहावा अपवाद ‘लठ्ठपणा व वजन नियंत्रण’ हा आहे. पुढील सर्व अटी पूर्ण होत नसतील तर शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही, अशी त्याची रचना आहे. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी, तिला मान्य वैद्यकीय शिष्टाचारांचा आधार असावा, रुग्णाचे वय किमान १८ असावे, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा. अथवा तो ३५ किंवा त्याहून अधिक असून सौम्य उपाय अयशस्वी ठरल्यानंतरही चार गंभीर सहव्याधींपैकी एखादी असावी. या चार सहव्याधी म्हणजे लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्वरूपाचा स्लीप अ‍ॅप्निया आणि नियंत्रणात न येणारा टाइप-२ मधुमेह. यादी एवढीच आहे. रक्तदाब, गुडघेदुखी, पीसीओएस, वंध्यत्व यांपैकी काहीही त्यात नाही. रुग्णाला या व्याधींचा कितीही त्रास होत असला तरी ३५ ते ४० या टप्प्यात केवळ त्यांच्या आधारावर दावा मंजूर होण्याची अपेक्षा ठेवू नये. आपल्या बहिणीच्या बाबतीत मधुमेह हाच मुख्य आधार आहे आणि तो भक्कम आहे. ‘अनियंत्रित’ म्हणजे एचबीएवनसी किती, हे कलमात दिलेले नाही. म्हणून एकच अहवाल न जोडता गेल्या दोन वर्षांतील सर्व अहवाल आणि त्या त्या वेळी चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या तारखांच्या क्रमाने जोडाव्यात. औषधे वाढवत नेऊनही साखर उतरली नाही, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना त्या क्रमातूनच दिसते.

घोरण्याचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण तो महत्त्वाचा आहे. झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, अवश्य करून घ्यावी. झोपेत दर तासाला श्वास अडखळण्याचे प्रमाण ३० किंवा त्याहून अधिक आले तर तो अ‍ॅप्निया तीव्र समजला जातो. तसे निघाल्यास विम्यासाठी दुसरा स्वतंत्र आधार मिळतोच, शिवाय भूलतज्ज्ञांनाही ही माहिती आधीपासून हाताशी असणे अत्यावश्यक असते.

आता मुख्य प्रश्न. कोणत्या दिवसाचे वजन धरायचे, याबाबत हे कलम मौन बाळगून आहे. व्यवहारात कंपनीचे किंवा टीपीएचे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे) डॉक्टर शल्यचिकित्सकांचा पहिला तपासणी कागद, शस्त्रक्रियेच्या शिफारशीचे पत्र, भूलपूर्व तपासणीची नोंद आणि दाखल झाल्यानंतरचे इनडोअर केसपेपर असे सर्व कागद समोर ठेवून वाचतात. शिफारस झाली त्या दिवशी रुग्ण अटींत बसत होता आणि त्यानंतरची घट ही त्याच शस्त्रक्रियेच्या तयारीचा भाग होती, एवढे त्या कागदांवरून निर्विवाद दिसले तर सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती एका कागदावर ९१, दुसऱ्यावर ८८, तिसऱ्यावर ८५ असे आकडे असतात आणि त्यांचा परस्परसंबंध कोणीच लिहून ठेवलेला नसतो तेव्हा. अशा वेळी शंकापत्र येते, शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते किंवा कॅशलेस नाकारले जाते.

म्हणून शल्यचिकित्सकांकडून आजच, द्रव आहार सुरू होण्यापूर्वी, सविस्तर पत्र घ्यावे. त्यात मोजलेली उंची, जानेवारीतील वजन, आजचे वजन, दोन्ही वेळचे बीएमआय, मधुमेहाचा पूर्वेतिहास आणि शस्त्रक्रियेचा निर्णय कोणत्या तारखेला व का झाला, हे सर्व असावे. ‘यकृताचा आकार कमी करण्यासाठी रुग्णास अमुक तारखेपासून कमी उष्मांकांचा आहार दिला जाणार असून त्या काळात वजनात घट अपेक्षित आहे,’ हे वाक्य त्यात स्पष्टपणे यायला हवे. हे पत्र जोडून पूर्वमंजुरीचा अर्ज आहार सुरू होण्याआधी पाठवावा. नियोजित शस्त्रक्रियेसाठी कंपन्या दोन-तीन दिवस आधी कळवायला सांगतात, पण त्याहून बराच आधी अर्ज करायला कोणतीही आडकाठी नसते. फक्त मंजुरी किती दिवस वैध राहील ते विचारून घ्यावे, कारण ती मुदत मर्यादित असते. त्याचबरोबर कंपनीला ई-मेल करून, पात्रतेसाठी कोणत्या तारखेचे वजन ग्राह्य धरणार, हा प्रश्न लेखी विचारावा. दूरध्वनीवर मिळालेल्या उत्तराचा पुढे उपयोग होत नाही.

मंजुरी रद्द होऊ शकते का, याचे उत्तर असे की, मंजुरीच्या वेळी दिलेली माहिती आणि दाखल झाल्यानंतरचे कागद यांत विसंगती आढळली तर कंपनी ती मागे घेऊ शकते. वजनातील घट आधीच कळवलेली असेल तर ती विसंगती ठरत नाही.

पॉलिसीतील आणखी दोन ठिकाणे वाचून घ्यावीत. एक म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेसाठी वेगळा प्रतीक्षाकाळ किंवा रकमेची वेगळी मर्यादा आहे का. विमा दहा लाखांचा असला तरी या शस्त्रक्रियेपुरती मर्यादा त्याहून कमी असू शकते. दुसरे म्हणजे शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने होणार असेल तर त्यासाठी अनेक पॉलिसींमध्ये निराळी उपमर्यादा असते. मधुमेह पॉलिसी घेण्यापूर्वीचा असेल तर पूर्वीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, आणि आपले पाचवे वर्ष चालू असल्याने तो प्रश्न बहुधा उरणार नाही.

---

समआहार (ठाणे)

मी आहारतज्ज्ञ आहे आणि बॅरिअ‍ॅट्रिक पथकाबरोबर काम करते. कागदपत्रांबद्दल वर उत्तम माहिती आलेली आहे. मला त्या दोन आठवड्यांच्या आहाराबद्दल कळकळीने सांगायचे आहे, कारण विम्याच्या भीतीने तो टाळणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

हा आहार वजनकाट्यावरचा आकडा सुधारण्यासाठी दिला जात नाही. लठ्ठपणा आणि मधुमेह एकत्र असताना यकृतात चरबी साठून ते मोठे झालेले असते. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना तो उचलून धरल्याशिवाय जठराचा तो भाग दिसत नाही. मोठे, मऊ, चरबीयुक्त यकृत उचलताना त्याला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. कमी उष्मांकांच्या आहाराने यकृतातील ग्लायकोजेन, पाणी आणि चरबी झपाट्याने कमी होते व शल्यचिकित्सकांना काम करायला जागा मिळते. त्यामुळे ‘दाखल होईपर्यंत व्यवस्थित खा’ हा सल्ला घरच्यांनी प्रेमापोटी दिलेला असला तरी तो आपल्या बहिणीच्या जिवाशी निगडित आहे. दोन किलोंसाठी हा धोका कोणत्याही परिस्थितीत पत्करू नये. मुद्दाम वजन वाढवले तर साखर वाढते, आणि फार वाढलेल्या साखरेत शस्त्रक्रियाच पुढे ढकलावी लागते. म्हणजे ज्या तारखेसाठी हा खटाटोप करायचा तीच हातची जाते.

आणखी एक सूचना तातडीने लक्षात घ्यावी. आपल्या बहिणी इन्सुलिन घेतात. द्रव आहार सुरू झाला की साखर पहिल्या दोन-तीन दिवसांतच उतरू लागते, आणि इन्सुलिनचे प्रमाण पूर्वीचेच ठेवले तर ती धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. तीन गोळ्यांपैकी एखादी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील असेल तर कमी आहारात आणि शस्त्रक्रियेच्या काळात रक्तातील आम्ल वाढण्याचा धोका असतो. ती गोळी आधीच थांबवावी लागते. हे बदल मनाने करू नयेत. आहार सुरू होण्यापूर्वी मधुमेहतज्ज्ञांची भेट ठरवून औषधांचे नवे वेळापत्रक लिहून घ्यावे. आकड्यांच्या काळजीत ही गोष्ट विसरली जाते, म्हणून आवर्जून लिहिले.

‘सौम्य उपाय अपयशी’ या शब्दांनी आपण गोंधळला आहात. वजन एक ग्रॅमही उतरू नये, असा त्याचा अर्थ नाही. पुरेसे वजन उतरले नाही, टिकले नाही, किंवा उतरूनही व्याधी आटोक्यात आली नाही, तर वैद्यकीय दृष्टीने तो उपाय अपुरा ठरला असेच म्हणतात. आपल्या बहिणींनी तीन किलो कमी केले आणि तरीही एचबीएवनसी ९ च्या वर राहिले, हाच अपयशाचा पुरावा आहे. आहारतज्ज्ञांकडून दर महिन्याच्या वजनाची, दिलेल्या आहाराची आणि व्यायामाची नोंद त्यांच्या सही-शिक्क्यासह मागून घ्या. वजन कमी करण्याची औषधे किंवा अलीकडे मिळू लागलेली इंजेक्शने घेतली असतील तर त्यांच्याही चिठ्ठ्या जोडा.

अटीच्या आकड्यांबद्दल मला मनापासून खंत वाटते, तीही मांडते. ४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली भरवलेल्या परिषदेतून आलेले आहेत. आपल्याकडील माणसांना पोटाभोवतीची चरबी अधिक असते आणि युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा बऱ्याच कमी बीएमआयला मधुमेह होतो, हे आता सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ हे वेगळे टप्पे सुचवले. २०२२ साली बॅरिअ‍ॅट्रिक शल्यचिकित्सकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून १९९१ चे निकष बदलले. आता ३५ बीएमआयला कोणतीही सहव्याधी नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस आहे, मधुमेह असल्यास ३० पासून आहे, आणि आशियाई व्यक्तींसाठी २७.५ पासूनच ती देऊ करावी असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडच्या संघटनेची भूमिकाही अनियंत्रित मधुमेहात २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा अशीच आहे. आपल्या बहिणींच्या उंचीला २७.५ म्हणजे सुमारे ६९ किलो. वैद्यकीय मार्गदर्शनानुसार ज्या वजनापासून त्यांना हा उपचार देता आला असता, त्यापेक्षा त्या जवळजवळ वीस किलोंनी अधिक आहेत, आणि तरीही विम्याच्या दारात त्यांना अर्ध्या-एक किलोची चिंता करावी लागते. हे कलम बदलायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

---

परसबाग (न्यू जर्सी)

माझी शस्त्रक्रिया इथे झाली, त्यामुळे नियम वेगळे आहेत, पण पेच अगदी हाच होता म्हणून लिहिते. इथल्या वृद्धांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, बीएमआय ३५ आणि किमान एक सहव्याधी, शिवाय आधीचे वैद्यकीय उपचार अयशस्वी, अशी अट आहे. खाजगी कंपन्यांपैकी अनेक जणी त्यावर तीन ते सहा महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहारनियंत्रण केल्याचा पुरावा मागत आल्या आहेत. शल्यचिकित्सकांच्या संघटनेने या सक्तीच्या प्रतीक्षेला उघड विरोध केला आहे, कारण त्यामुळे उपचार लांबतात आणि अनेक रुग्ण मध्येच प्रयत्न सोडून देतात.

माझ्या पॉलिसीत देखरेखीचा कार्यक्रम सुरू झाला त्या दिवशीचे वजन पात्रतेसाठी धरले जाईल असे लेखी होते, आणि त्या काळात वजन वाढले तर कार्यक्रमात सहकार्य न केल्याची नोंद होईल असेही बजावलेले होते. दर भेटीत त्याच काट्यावर, पादत्राणे काढून वजन होई. भारतातील कलमात ‘कोणत्या दिवसाचे’ हे लिहिलेलेच नाही, हे वाचून आश्चर्य वाटले. ‘कागदपत्र’ यांनी सुचवलेले लेखी उत्तर जरूर मागा. ते अनुकूल आले तर पुढच्या सर्व कटकटी टळतील.

---

गोदाकाठ (नाशिक)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बहिणीने हा धागा स्वतः वाचला असून द्रव आहार ठरल्याप्रमाणेच घ्यायचा, हे तिने घरात जाहीर केले आहे. मधुमेहतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. एक गोळी एम्पाग्लिफ्लोझिनचीच निघाली.

कागद तारखांप्रमाणे लावताना दोन गोष्टी आढळल्या, त्याबद्दल विचारतो. गेल्या वर्षीच्या एका तपासणी कागदावर तिची उंची १६० सेंटिमीटर लिहिलेली आहे. ती मोजलेली नव्हती, परिचारिकेने विचारले आणि हिने अंदाजाने सांगितले. दुसरे असे की, पॉलिसी घेतानाच्या प्रस्ताव अर्जात तिचे वजन ७८ किलो नोंदवलेले आहे. तेव्हा ते खरोखर तेवढेच होते, पण आजच्या वजनाशी तुलना करून कंपनी माहिती दडवल्याचा आरोप करील का?

---

कागदपत्र (पुणे)

उंचीची बाब किरकोळ समजू नका. बीएमआयमध्ये उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे दोन सेंटिमीटरनेही निकाल फिरतो. ८८.४ किलोला १५८ सेंटिमीटर धरले तर बीएमआय ३५.४ येतो आणि १६० धरले तर ३४.५. एका कागदावर पात्र आणि दुसऱ्यावर अपात्र, असे चित्र तपासणाऱ्यासमोर गेले तर ते प्रश्न विचारणारच. जुन्या कागदावर खाडाखोड मुळीच करू नये आणि तो काढूनही टाकू नये. भिंतीवरच्या उंचीमापकावर, अनवाणी उभे करून, टाचा आणि पाठ टेकवून रुग्णालयात नव्याने उंची मोजून घ्या. शल्यचिकित्सकांच्या पत्रात ‘प्रत्यक्ष मोजलेली उंची’ असे शब्द येऊ द्या, आणि आधीची नोंद रुग्णाने तोंडी सांगितलेली होती हेही त्यांना लिहायला सांगा. भूलपूर्व तपासणीतही तीच मोजलेली उंची लिहिली जाईल याकडे स्वतः लक्ष द्या, कारण तिथला अर्ज अनेकदा वेगळी व्यक्ती भरते. नव्याने मोजताना समजा १५९ आली, तर १५९ च लिहिली गेली पाहिजे. त्या उंचीला आजचा बीएमआय ३४.९७, म्हणजे ३५ च्या किंचित खाली येईल आणि मग जानेवारीतील ९१.५ किलोची नोंद, जिच्यानुसार तो ३६.२ होता, हाच आपला आधार राहील. जानेवारीचा तो कागद मूळ स्वरूपात जपून ठेवा.

प्रस्ताव अर्जातील ७८ किलो त्या वेळी खरे असेल तर काळजीचे कारण नाही. अर्ज भरला त्या दिवशीची वस्तुस्थिती सांगणे हे कर्तव्य आहे. पुढे वजन वाढले म्हणून माहिती दडवली असे होत नाही. त्या सुमाराचा एखादा दवाखान्याचा कागद, कार्यालयातील आरोग्य तपासणी किंवा प्रयोगशाळेचा अहवाल, ज्यावर वजन लिहिलेले आहे, सापडला तर जवळ ठेवा. मधुमेह अर्जात नोंदवला होता की नाही हे मात्र आजच तपासा, कारण माहिती दडवल्याचे आक्षेप वजनापेक्षा मधुमेहावरूनच अधिक येतात. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. आपले पाचवे वर्ष पूर्ण व्हायला किती महिने उरले आहेत ते पाहा. शस्त्रक्रिया त्यासाठी लांबवा असे मी सुचवत नाही. सगळे नोंदवलेले असेल तर थांबण्याचे कारणही नाही.

---

सह्यकडा (कोल्हापूर)

माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कॅशलेस नाकारले गेले होते आणि कारण हेच दिले होते की, दाखल होतेवेळी बीएमआय ३४.२ होता. कंपनीचे नाव इथे देत नाही, पण पुढचा मार्ग सांगतो, कारण नकाराचे पत्र हातात पडल्यावर माणूस तिथेच खचतो.

पहिली गोष्ट, कॅशलेस नाकारणे म्हणजे दावा नाकारणे नव्हे. पैशांची तात्पुरती व्यवस्था होत असेल तर शस्त्रक्रिया करून नंतर प्रतिपूर्तीसाठी तोच दावा सर्व कागदांसह करता येतो. आम्ही पतसंस्थेचे कर्ज काढून तसे केले. सगळ्यांना ते शक्य नसते, याची मला जाणीव आहे. आपल्याला वेळ आहे, त्यामुळे नकार आल्यास आधी शल्यचिकित्सकांना कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलायला सांगा; आमच्या शल्यचिकित्सकांनी फेरविचाराचे पत्र दिले होते, पण शस्त्रक्रियेची तारीख तोंडावर आली होती.

दुसरी गोष्ट, दावा नाकारायचा असेल तर २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या अंतर्गत समितीची मान्यता लागते आणि पत्रात पॉलिसीच्या नेमक्या कलमाचा हवाला द्यावा लागतो. ‘अटींत बसत नाही’ एवढेच मोघम लिहून आले तर तो हवाला लेखी मागावा. आमच्या पत्रात सहाव्या अपवादाचा उल्लेख होता. त्यावर आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला आणि त्यात एकच मुद्दा मांडला : कलमात दाखल होण्याच्या दिवसाचे वजन असा शब्दप्रयोग नाही, शिफारशीच्या दिवशी अट पूर्ण होत होती, आणि नंतरची घट रुग्णालयाने दिलेल्या तयारीच्या आहारामुळे झाली. कलमाची भाषा संदिग्ध असेल तर तिचा अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावावा, हे तत्त्व आपल्याकडच्या न्यायालयांनी वारंवार मान्य केलेले आहे, तेही लिहिले.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात, शुल्क नसते आणि वकील लागत नाही. मुंबई महानगर परिसर सोडून महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हे पुण्याच्या कार्यालयाकडे येतात. तक्रार ऑनलाइनही नोंदवता येते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, विमाधारकावर नसतो, म्हणजे निकाल विरुद्ध गेला तरी ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो.

आमच्या प्रकरणात सुनावणीत सर्वांत उपयोगी पडला तो आहारतज्ज्ञांचा एक साधा तक्ता. त्यावर पहिल्या दिवसापासूनची वजने, तारखा आणि प्रत्येक नोंदीसमोर सही होती. रुग्णालयाच्या डिस्चार्ज समरीत मात्र फक्त दाखल होतानाचे वजन छापलेले होते आणि आहाराचा उल्लेखही नव्हता. ती समरी संगणकावरच्या ठरावीक साच्यातून निघते आणि घरी जाण्याच्या गडबडीत हातात दिली जाते. आपण ती घेण्याआधी, त्याच टेबलाशी उभे राहून, पूर्वेतिहासाच्या रकान्यात शिफारशीच्या दिवशीचे वजन व बीएमआय आणि तयारीच्या आहाराच्या तारखा लिहून घ्याव्यात. एकदा सही होऊन बाहेर पडल्यावर दुरुस्तीचे पत्र मिळवायला आम्हाला बरेच खेटे घालावे लागले.